अंतराळ संशोधनाची सरकारी कॉन्ट्रॅक्टं: लक्ष कोण ठेवतं आणि पैसे वसूल होतात का?

प्रश्न असा आहे की नासा काय किंवा आपली इस्रो काय, संशोधनाच्या नावाखाली कंपन्यांना आणि विद्यापीठांना एवढे पैसे देतात, त्यावर खरंच कोणी लक्ष ठेवतं का, आणि त्यातून शेवटी हाताला काय लागतं. मी बरीच वर्षं कंपनीच्या बाजूने कॉन्ट्रॅक्टचं काम बघितलंय, आता विद्यापीठांच्या प्रोजेक्टच्या रिव्ह्यूला बसतो, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहून झाल्यात. त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

आधी सरळ उत्तर देतो. लक्ष ठेवणारे भरपूर आहेत, खरं तर गरजेपेक्षा जास्तच. पण त्यातले नव्वद टक्के लोक कागद बघतात, वस्तू फार थोडे बघतात. आणि ज्या कामात सरकारकडे स्वतःचा, कंपनीच्या इंजिनिअरइतकंच ते काम समजणारा माणूस बसलेला होता तिथे पैसे वसूल झाले, जिथे तो नव्हता तिथे कितीही ऑडिट झालं तरी खड्डा पडला. माझं म्हणणं एवढंच आहे, पुढचं सगळं त्याचे पुरावे समजा.

आता पैसे देण्याच्या दोन पद्धती समजून घ्या, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. घर बांधताना गवंड्याला आपण एकतर रोजावर ठेवतो नाहीतर उक्तं काम देतो. तसंच इथे. कॉस्ट प्लस म्हणजे रोजावर, जेवढा खर्च येईल तेवढा सरकार देणार आणि वर ठरलेली फी. फिक्स्ड प्राइस म्हणजे उक्तं, आकडा आधी ठरला, तोटा झाला तर तुझा. लोकांना वाटतं कॉस्ट प्लस म्हणजे शुद्ध लूट, तसं नाहीये. जी गोष्ट जगात आधी कोणी बनवलीच नाही तिचा उक्ता आकडा शहाणी कंपनी देणारच नाही, आणि जी देईल ती एकतर वेडी असेल किंवा पुढे ‘चेंज ऑर्डर’ (काम बदललं म्हणून वाढीव बिल) काढून वसूल करायच्या तयारीत असेल. आणि खर्चावर टक्क्याने नफा देणं, म्हणजे खर्च वाढला की नफाही आपोआप वाढला, हे तर अमेरिकेत सरकारी कामात कायद्यानेच बंद आहे, फी वेगळी ठरवावी लागते.

पण रोजावरच्या कामाला डोक्यावर जाणकार उभा लागतोच. जेम्स वेब टेलिस्कोप बघा. सुरुवातीच्या गप्पा १०० कोटी डॉलरच्या आतबाहेरच्या होत्या आणि उड्डाण २००७ च्या आसपास होईल म्हणत होते, प्रत्यक्षात उडाला २५ डिसेंबर २०२१ ला आणि एकूण खर्च गेला १००० कोटी डॉलरच्या घरात. २०१० मध्ये जॉन कसानी यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती बसली, आणि त्यांनी काय म्हटलं तर तांत्रिक काम बरं चाललंय, गडबड बजेटिंग आणि मॅनेजमेंटमध्ये आहे, मुळात जो आकडा मंजूर करून घेतला तोच पोकळ होता, अडचणीसाठी राखीव पैसे ठेवलेच नव्हते. म्हणजे कंपनीकडे बोट दाखवायच्या आधी नासानेच स्वतःला फसवलं होतं. नंतर २०१८ मध्ये मात्र कंपनीच्या शॉप फ्लोअरवरच्या चुका बाहेर आल्या, थ्रस्टरचे व्हॉल्व्ह चुकीच्या सॉल्व्हंटने साफ केले, अकूस्टिक, म्हणजे मोठ्या आवाजाच्या टेस्टमध्ये सनशील्डच्या कव्हरचे स्क्रू गळून पडले. अमेरिकन संसदेच्या समितीत वेब बनवणाऱ्या नॉर्थ्रॉप ग्रुमन कंपनीच्या प्रमुखाला सरळ विचारलं गेलं की हा वाढीव ८० कोटी डॉलरचा खर्च तुम्ही भरणार का, तर त्यांनी नाही म्हटलं. आणि करारानुसार ते चूक नव्हते! कॉस्ट प्लस म्हणजे तेच, सॉल्व्हंट चुकलं तरी बिल सरकारचं.

(तरीही वेब वाया गेला असं मी म्हणणार नाही, त्याचे फोटो आणि डेटा बघितला की राग शांत होतो. पण टेलिस्कोप चांगला निघाला म्हणून हिशोब माफ करायचा ही सवय वाईट.)

आता लक्ष कोण ठेवतं ते बघू. अमेरिकेत कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसर असतो, त्याच्यामागे कंपनीच्या खर्चाची वही तपासणारे ऑडिटर, मग नासाचा स्वतःचा इन्स्पेक्टर जनरल, त्याच्यावर संसदेचं सरकारी खर्च तपासणारं कार्यालय, जीएओ, आणि मग संसदेच्या समित्या. आपल्याकडे विभागाचा अंतर्गत वित्त सल्लागार, मग कॅग, कॅगचा रिपोर्ट संसदेत गेला की लोकलेखा समिती. कागदावर एवढी फौज आहे की मुंगीसुद्धा सुटायला नको. सुटते ती कशी, त्याचे दोन किस्से सांगतो, दोन्ही जगजाहीर आहेत.

पहिला हबल. २४ एप्रिल १९९० ला टेलिस्कोप वर गेला आणि दोन महिन्यांत कळलं की २.४ मीटरचा मुख्य आरसा चुकीच्या आकारात घासलाय, कडेला साधारण २ मायक्रॉनने जास्त सपाट. आरसा पर्किन एल्मर कंपनीने कनेक्टिकटमध्ये १९८० च्या आसपास घासला होता. लू ॲलन यांच्या समितीने शोधून काढलं की ज्या उपकरणाने आरसा तपासत होते, नल करेक्टर म्हणतात त्याला, त्याच्यातली एक लेन्स १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसली होती. मोजायचंच साधन चुकलं, त्यामुळे आरसा अत्यंत अचूकपणे चुकीचा घासला गेला. पण खरी गंमत पुढे आहे. कंपनीकडे आणखी दोन टेस्ट उपकरणं होती, थोडी कमी अचूक, आणि त्या दोन्हींनी चूक दाखवली होती! ती का फेटाळली, तर ती कमी अचूक आहेत म्हणून. म्हणजे पुरावा फाइलमध्ये होता, रीडिंग्ज होती, आणि नासाकडून त्या खोलीत असा कोणी उभा नव्हता जो म्हणेल की थांबा, तीनपैकी दोन उपकरणं एक सांगतायत आणि एक वेगळं सांगतंय, तर पुढचं काम बंद, आधी हे सोडवा. वेळापत्रक घसरलेलं, बजेट फाटलेलं, खर्च वाचवायला आरशाची शेवटची स्वतंत्र एंड टू एंड टेस्टही केली नाही.

आणि हे वाचून तर मी कपाळाला हात लावला होता: बोली लावताना कोडॅकने प्रस्ताव दिला होता की दोन कंपन्या आरसे बनवतील आणि एकमेकांचे आरसे तपासतील. काम मिळालं पर्किन एल्मरला, त्यांची बोली कमी होती. आपल्याकडे एल वन म्हणतात ना, तसंच. कोडॅकने पर्यायी आरसा बनवला तो व्यवस्थित होता, तो आज म्युझियममध्ये आहे. शेवटी १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन करेक्शनचं उपकरण बसवलं आणि कंपन्यांशी २.५ कोटी डॉलरचा समझोता झाला. दुरुस्तीच्या मोहिमेच्या खर्चापुढे हा आकडा म्हणजे दर्या में खसखस.

दुसरा किस्सा टेस्ट सर्टिफिकेटचा, आणि पुणे, भोसरी, चाकणला काम केलेल्या कोणालाही तो लगेच कळेल. २००९ मध्ये नासाचा कार्बन मोजणारा उपग्रह ओसीओ आणि २०११ मध्ये ग्लोरी, दोन्ही टॉरस एक्सएल रॉकेटवर होते, दोन्ही वेळा वरचं नाकाचं कव्हर सुटलंच नाही आणि उपग्रह समुद्रात. ७० कोटी डॉलरपेक्षा जास्त नुकसान. पहिल्या अपघातानंतर चौकशी झाली, दुरुस्त्या झाल्या, तरी दुसऱ्यांदा तेच. खरं कारण नासाने २०१९ मध्ये जाहीर केलं. कव्हर सोडणाऱ्या जॉइंटमध्ये जे ॲल्युमिनिअमचं एक्स्ट्रूजन (साच्यातून दाबून काढलेला भाग) वापरलं होतं ते पुरवणारी सापा प्रोफाइल्स नावाची कंपनी जवळजवळ १९ वर्षं टेस्ट सर्टिफिकेटवर खोटे आकडे टाकत होती. नापास झालेला माल पास. आता विचार करा, नासाने कॉन्ट्रॅक्ट दिलं रॉकेटवाल्याला, त्याने जॉइंट आणला दुसऱ्याकडून, ॲल्युमिनिअम आलं आणखी खालून. प्रत्येक पायरीवर टीसी, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट होतं, प्रत्येकाने फाइलला लावलं, ऑडिटमध्ये प्रत्येक वेळी फाइल पूर्ण. आपल्याकडे स्टोअरमधला माणूस म्हणतो ना, ‘टीसी आहे ना साहेब, मग घ्या माल’. एखादा तुकडा कापून दुसऱ्या लॅबमध्ये ताकद तपासायला ओढून बघायला लागणारा खर्च त्या ७० कोटींपुढे काय आहे? पण तो खर्च कॉन्ट्रॅक्टमध्ये कोणाच्याच खात्यात बसत नाही, म्हणून होत नाही.

उलट बाजूचं उदाहरण पण देतो, नाहीतर वाटेल की सगळा अंधारच आहे. चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो मोहिमेचं सगळ्यात पहिलं मोठं कॉन्ट्रॅक्ट ऑगस्ट १९६१ मध्ये एका विद्यापीठाच्या लॅबला मिळालं, एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबला, यानाच्या गायडन्स सिस्टिमचं, आणि तेही टेंडर न काढता. आजचा ऑडिटर असता तर झीट येऊन पडला असता. १९६६ पर्यंत सॉफ्टवेअरचं काम पार गळ्यापर्यंत आलं, वेळ संपत आला होता आणि प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या मेमरीत मावत नव्हते, कायमची मेमरी होती ३६,८६४ शब्दांची, संपली की संपली. तेव्हा ह्यूस्टनहून बिल टिंडल नावाच्या नासाच्या इंजिनिअरला पाठवलं. त्याने काय केलं, नवीन फॉर्म काढला का? तो लॅबमध्ये जाऊन बसला, एकेक प्रोग्रॅम वाचला, आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ठरवायला लावलं की हे ठेवायचं, हे काढायचं. लॅबच्या लोकांना ते आवडलं अशातला भाग नाही, पण माणूस विषय समजूनच बोलतोय हे त्यांना दिसत होतं, त्यामुळे ऐकलं. असा माणूस सरकारच्या पगारावर असणं म्हणजे खरं ओव्हरसाइट. याच कामाचा दुसरा फायदा असा की तो कॉम्प्युटर आयसीवर (एका चिपवर अख्खं सर्किट) बांधायचं ठरलं तेव्हा आयसी म्हणजे नवीन आणि महाग खेळणं होतं, १९६३ च्या आसपास अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त आयसी या एका प्रोजेक्टने गिळल्या, आणि त्या खरेदीमुळे किंमत खाली यायला आणि दर्जा वर यायला मोठा हातभार लागला. हा फायदा कुठल्याच यूटिलायझेशन सर्टिफिकेटमध्ये, म्हणजे पैसे खर्च झाल्याच्या दाखल्यात, दिसत नाही.

त्याच अपोलोमध्ये दुसरीकडे मात्र १९६५ च्या डिसेंबरमध्ये नासाच्याच जनरल फिलिप्सच्या टीमने यान बनवणाऱ्या नॉर्थ अमेरिकन कंपनीच्या कामावर कडक रिपोर्ट लिहिला, वेळापत्रक, खर्च, कारागिरी सगळ्यावर. जानेवारी १९६७ मध्ये जमिनीवरच्या टेस्टमध्ये आग लागून तीन अंतराळवीर गेले. मग संसदेत विचारणा झाली तेव्हा नासाचे प्रमुख जेम्स वेब यांना तो रिपोर्ट माहीतच नव्हता. आगीचं नेमकं कारण त्या रिपोर्टात होतं असं नाही, पण तपासणारा माणूस चांगला असूनही त्याचं म्हणणं वरपर्यंत पोचलं नाही तर काय होतं त्याचा हा नमुना.

मग उक्तं काम चांगलं का? सध्या फॅशन त्याचीच आहे, आणि बऱ्याच अंशी बरोबर पण आहे. २००६ मध्ये नासाने कॉट्स म्हणून योजना काढली, स्पेस स्टेशनवर सामान नेणारी यानं कंपन्यांनी बनवायची, नासा ठरलेला टप्पा पूर्ण झाला की ठरलेले पैसे देणार, नाहीतर दमडी नाही. किस्टलर कंपनीला बाहेरून भांडवल उभं करता आलं नाही, तर २००७ मध्ये नासाने करार मोडला, तोपर्यंत त्यांच्यावर गेले होते सुमारे ३.२ कोटी डॉलर, उरलेले काढून ऑर्बिटल या दुसऱ्या कंपनीला दिले. मला विचाराल तर त्या योजनेतली सगळ्यात भारी गोष्ट ही, सरकारने वेळेवर हात वर केले. स्पेसएक्सचं फाल्कन ९ रॉकेट नेहमीच्या पद्धतीने बनवलं असतं तर जवळपास ४०० कोटी डॉलर लागले असते असं नासाच्याच कॉस्ट मॉडेलने सांगितलं, प्रत्यक्षात फाल्कन १ धरून ३९ कोटींच्या आसपास लागले, आणि हा आकडा नासाने तपासून घेतला.

पण लोक इथेच थांबतात आणि म्हणतात बघा, सगळं खाजगी करा, उक्तं द्या. २०१४ ला माणसं नेण्याचं काम दोघांना दिलं, बोइंगला ४२० कोटी आणि स्पेसएक्सला २६० कोटी डॉलर. बोइंगचं स्टारलाइनर २०२४ मध्ये दोन अंतराळवीरांना घेऊन गेलं आणि रिकामं परत आलं, ते दोघं मार्च २०२५ मध्ये दुसऱ्याच यानाने उतरले. बोइंगला त्यात २०० कोटी डॉलरच्या आसपास फटका बसला, म्हणजे पद्धत चालली म्हणायची, तोटा करदात्याचा नाही. पण मधेच इन्स्पेक्टर जनरलने २०१९ मध्ये दाखवून दिलं की उक्ता दर ठरलेला असताना नासाने बोइंगला वर २८.७ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं होतं. उक्तं कधी पूर्ण उक्तं नसतं, हे ज्याने बिल्डिंगचं काम करून घेतलंय त्याला सांगायला नको.

आता आपल्याकडे येऊ. आपला सगळ्यात फायद्याचा करार कुठला तर माझ्या मते रॉकेटच्या विकास इंजिनचा. १९७४ मध्ये फ्रान्सच्या एसईपी कंपनीशी ठरलं, त्यांच्या व्हायकिंग इंजिनचं तंत्रज्ञान आपल्याला, आणि मोबदल्यात पैसे जवळजवळ नाहीतच, तर आपल्या इंजिनिअर लोकांचं १०० मनुष्यवर्षांचं काम त्यांच्याकडे आणि वर प्रेशर ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारी उपकरणं) बनवून द्यायचे. नंबी नारायणन आणि मंडळी तिकडे जाऊन काम करून आली. नुसती ड्रॉइंग्ज विकत घेतली असती तर कपाटात पडली असती, इथे ज्यांनी ते काम हाताने केलं तीच माणसं परत आली आणि महेंद्रगिरीला इंजिन उभं केलं. आज ते इंजिन विक्रोळीला गोदरेजमध्ये बनतं, पीएसएलव्हीत चालतं. वालचंदनगरला रॉकेट मोटरची केसिंग बनतात. या कारखान्यांना इस्रोने फक्त ऑर्डर दिली नाही, इस्रोची क्वालिटीची माणसं वर्षानुवर्षं त्यांच्या शॉपमध्ये जाऊन बसली. लोकांना ती जाचक वाटायची, पण काम त्यांनीच सुधारलं.

विद्यापीठांच्या संशोधनाला पैसे देणारी इस्रोची रिस्पॉन्ड योजना आहे, शिवाय आयआयटी, आयआयएससी आणि आपल्या पुणे विद्यापीठात स्पेस टेक्नॉलॉजी सेल आहेत. यात रक्कम लहान, पण कागद तेवढेच. दरवर्षी यूसी, म्हणजे ते यूटिलायझेशन सर्टिफिकेट द्या, सरकारी वित्त नियमांच्या (जीएफआर) १२ ए फॉर्ममध्ये, खर्चाचा तक्ता द्या, बँकेत पैसे पडून व्याज आलं तर ते सरकारी तिजोरीत परत. हे सगळं बरोबरच आहे, सरकारी पैसा आहे. गोची अशी की यूसी सांगते पैसे मंजूर हेडखाली खर्च झाले, काम झालं का ते सांगत नाही. एका संस्थेत, नाव नको, मी रिव्ह्यूला गेलो तर प्रोजेक्टमधला व्हॅक्यूम चेंबर खोक्यातच, कारण त्या खोलीत थ्री फेज कनेक्शन द्यायचं काम दुसऱ्या विभागाकडे अडकलेलं. यूसी मात्र लखलखीत, सहीशिक्क्यासकट. आणि याच्या उलट मुलं चांगलं काम करतायत पण हप्ता अडकला म्हणून जेआरएफला (प्रोजेक्टवरच्या संशोधक विद्यार्थ्याला) चार चार महिने स्टायपेंड नाही, असंही सर्रास. मग मार्च आला की उरलेले पैसे संपवायची धावपळ, लॅपटॉप, प्रिंटर, टोनर. ऑडिटरला हे सगळं नियमात दिसतं, कारण ते नियमात असतंच! २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीची मर्यादा वाढवली, कोटेशन न घेता १ लाखाऐवजी २ लाखांपर्यंत वगैरे, ते बरं झालं, निदान एका पंपासाठी सहा महिने जाणार नाहीत.

कुठे चांगलं चालतं तेही सांगतो. ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरचं सीझेडटीआय हे क्ष किरण टिपणारं उपकरण मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने बनलं, त्याचं पेलोड ऑपरेशन सेंटर पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत आहे, त्या उपकरणाने क्रॅब पल्सार या ताऱ्याच्या क्ष किरणांचं ध्रुवीकरण मोजलं. सूर्याकडे बघणाऱ्या आदित्य एल१ यानावरचा सूट टेलिस्कोप आयुकाच्या नेतृत्वाखाली झाला आणि सूर्याचे अल्ट्राव्हायोलेट फोटो पाठवतोय. हे का जमलं? कारण उपकरण यानावर बसणार होतं. इस्रोच्या टीमला त्याचं वजन, पॉवर, थर्मल, सगळं स्वतः तपासून घेणं भागच होतं, नाहीतर त्यांचंच मिशन अडकलं असतं. म्हणजे निकालाची गरज असलेला माणूस सरकारच्या बाजूला होता. नुसत्या रिस्पॉन्डमध्येही ज्या प्रोजेक्टला इस्रो सेंटरमधला एखादा शास्त्रज्ञ मनापासून जोडलेला असतो, महिन्याला फोन करतो, ‘काय रे डेटा कुठाय’ म्हणून छळतो, ते प्रोजेक्ट कुठेतरी पोचतात. बाकीच्यांचा फायनल रिपोर्ट स्पायरल बाइंडिंग होऊन कपाटात. अलीकडे इस्रो स्वतःच्या गरजांची यादी काढून त्यातून प्रस्ताव मागवते, रिस्पॉन्ड बास्केट म्हणतात, ती दिशा बरोबर आहे.

कोणीतरी देवास कंपनीच्या प्रकरणाचं नाव काढणारच, म्हणून दोन ओळी. ते संशोधनाचं कॉन्ट्रॅक्ट नव्हतं, इस्रोची व्यापारी कंपनी अँट्रिक्सने २००५ च्या जानेवारीत देवासला उपग्रहाची क्षमता भाड्याने द्यायचा केलेला धंदेवाईक करार होता. पण कॅगचा त्यातला एक मुद्दा इथे लागू पडतो: त्याच वर्षी त्यासाठीचा जीसॅट ६ उपग्रह मंजूर करून घेताना मंत्रिमंडळाला या कराराची कल्पनाच दिली नव्हती. मंजुरीचा कागद होता, पण मंजुरी देणाऱ्याला नेमकं काय मंजूर करतोय ते माहीत नव्हतं. २०११ मध्ये करार रद्द झाला आणि कोर्टकज्जे अजून जगभर चालू आहेत.

आणि ‘यश’ मोजायचं कसं, हा प्रश्नाचा शेवटचा भाग. संशोधन फसलं म्हणजे पैसे बुडाले असं धरू नका. एखादा मिश्रधातू त्या तापमानाला टिकत नाही हे नीट, पुराव्यासकट सिद्ध झालं तर पुढच्या टीमची तीन वर्षं वाचतात, पण त्यासाठी फसल्याचा रिपोर्ट लिहिलेला आणि सापडणारा पाहिजे. मी रिव्ह्यूला बसलो की खर्चाच्या तक्त्याआधी तीन गोष्टी विचारतो: रॉ डेटा दाखवा, तुमचं माप दुसऱ्या कोणी दुसऱ्या साधनाने घेतलंय का, आणि इस्रोच्या बाजूला या निकालाची वाट बघणारा माणूस कोण, त्याला आत्ता फोन लावा. तिसऱ्या प्रश्नाला खोलीत शांतता पसरली तर पुढचा हप्ता थांबवा असं मी लिहून देतो, यूसी कितीही सुंदर असली तरी. काही प्राध्यापक माझ्यावर नाराज आहेत, चालायचंच.